मशीन शॉपमध्ये क्लाउड क्यूएमएस: पहिल्या सहामाहीनंतरचा अनुभव

भोसरी-चाकण पट्ट्यातलं मध्यम मशीन शॉप, सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीनं), तीन शिफ्ट, आयएटीएफ १६९४९:२०१६ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) चं सर्टिफिकेट आणि सगळी नोंद रजिस्टर-एक्सेलवर. अशा ठिकाणी क्लाउड क्यूएमएस, म्हणजे गुणवत्तेच्या नोंदी ठेवणारं इंटरनेटवरचं सॉफ्टवेअर, वापरल्यावरचं हे मत आहे. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतल्या सगळ्यांत मॉड्यूल साधारण तीच असतात: डॉक्युमेंट, कॅलिब्रेशन (मोजायची साधनं अचूक आहेत का याची मुदतीने तपासणी), एनसी-कापा (दोषांची नोंद आणि त्यांवरची सुधारणा), ऑडिट, ट्रेनिंग. यातलं आधी कुठलं चालू करता, त्यावर पुढचं बरंचसं ठरतं.

व्हेंडरचा प्लॅन डॉक्युमेंट कंट्रोलपासून सुरू होतो. तो बदलून घ्या आणि कॅलिब्रेशन आधी लावा. गेज (माप तपासायची साधनं) मोजता येतात, कपाटात असतात, त्यांच्यावरून खात्या-खात्यांत भांडणं होत नाहीत, आणि ड्यू डेटचा मेल वेळेवर यायला लागला की पहिल्याच महिन्यात लोकांचा विश्वास बसतो. डॉक्युमेंटपासून सुरुवात केली तर फॉरमॅट नंबर कसे द्यायचे यावरच तीन मीटिंगा जातात.

गेजची यादी अपलोड करताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक्सेल ००४७ चं ४७ करतं, मग गेजवर कोरलेला नंबर आणि सिस्टिममधला नंबर जुळत नाही; तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा. दुसरी तारीख. सिस्टिम अमेरिकी सेटिंगवर असेल तर ०५/०७ म्हणजे ५ जुलैची ७ मे होते. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी एरर देतात, त्यामुळे लगेच सापडतात. १ ते १२ मधल्या मात्र गुपचूप उलटतात. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी टाका आणि अपलोडनंतर नेमकी या बारा दिवसांतली सर्टिफिकेटं काढून ताडून बघा.

क्यूआर लेबल कागदी नको, कूलंटमध्ये आठवडाभरात लगदा होतो. पॉलिएस्टर लेबल, रेझिन रिबनवर छापलेलं, तेही गेजच्या पेटीवर. गेजवर नंबर कोरलेलाच बरा. फर्स्ट पीस रिपोर्ट (पहिल्या नगाच्या तपासणीची नोंद) भरताना गेज स्कॅन करणं सक्तीचं ठेवा. गेज कॅलिब्रेशनमध्ये फेल झालं की मागच्या ओके तारखेपासून त्याने कोणते लॉट तपासले हे शोधावं लागतं. स्कॅन असेल तर यादी एका क्लिकवर मिळते, नाहीतर रजिस्टरं उपसत बसा. एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा हे सॉफ्टवेअर घ्यावं असं माझं मत आहे.

कॅलेंडरची सेटिंग कुणी बघत नाही. आपल्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, सॉफ्टवेअरच्या हिशेबी शनिवार-रविवार. परिणामी बंद कारखान्यात गुरुवारी एस्कलेशनचे (काम राहिलं म्हणून वरिष्ठांना जाणारे) मेल प्लांट हेडपर्यंत जातात आणि ड्यू डेट भलत्याच दिवशी पडते. तिसऱ्या शिफ्टचंही तसंच: रात्री बारानंतरचं रिजेक्शन दुसऱ्या तारखेला पडतं आणि प्रॉडक्शनच्या आकड्याशी टॅली होत नाही. ‘शिफ्टची तारीख’ असं वेगळं फील्ड मागून घ्या.

एनसी मॉड्यूल सगळ्यांत उशिरा आणि एकाच लाइनवर चालू करा. व्हेंडर दोषांची चाळीस-पन्नास नावांची तयार यादी देतो. टॅब्लेटवर तेलकट बोटांनी एवढं खाली सरकवायला कुणाला वेळ आहे? लाइन इन्स्पेक्टर पहिलं दिसेल ते किंवा ‘इतर’ दाबून मोकळा होतो आणि पॅरेटोत (जास्त ते कमी अशा दोषांच्या आलेखात) ‘इतर’ पहिला येतो. प्रत्येक ऑपरेशनला आठ-दहाच दोष ठेवा, शॉपवर बोलतात त्याच शब्दांत: बोअर ओव्हरसाइझ, बर, डेन्ट, चॅटर मार्क. शक्य तिथे फोटोसकट.

कापाची खरी परीक्षा रूट कॉजच्या चौकटीत होते. तिथे ‘ऑपरेटरची चूक’ आणि कृतीत ‘ऑपरेटरला समज दिली’ असं लिहिलेलं सिस्टिम आनंदाने क्लोज करते. बदललेला पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकतं याचं विश्लेषण) आणि कंट्रोल प्लॅन (काय, कसं, किती वेळा तपासायचं ते) जोडल्याशिवाय क्लोजचं बटण चालू होऊ नये, अशी अट लावता येते, ती लावाच. परिणामकारकता तपासायला डिफॉल्ट ३० दिवस दिलेत. दोन महिन्यांतून एकदा चालणाऱ्या पार्टला त्याचा उपयोग शून्य. तिथे ‘पुढचे तीन लॉट’ असा निकष ठेवा.

डॉक्युमेंट मॉड्यूल ठीक आहे. कस्टमरच्या ड्रॉइंगमधला बदल १० वर्किंग दिवसांत तपासावा अशी आयएटीएफची अपेक्षा असते, तो काउंटर नीट चालतो. मात्र पीएफएमईए बदलला म्हणून कंट्रोल प्लॅन आपोआप बदलत नाही, फक्त नोटिफिकेशन येतं. मशीनवरच्या जुन्या प्रिंट माणसालाच काढाव्या लागतात.

लायसन्स वाचवायला तिन्ही शिफ्टला एकच लॉगिन देणं महागात पडतं. फर्स्ट पीस कुणी पास केला, हे ऑडिटरने विचारल्यावर स्क्रीनवर तिन्ही वेळा ‘क्वालिटी १’ दिसतं. टॅब्लेट एक, पण प्रत्येकाचा पिन वेगळा, अशी सोय असलेलंच पॅकेज घ्या. जुनं रजिस्टर समांतर चालवायला एक महिना पुरे. तो लांबला की लोक रजिस्टर भरतात आणि शनिवारी बसून सिस्टिममध्ये उतरवतात.

करार करण्याआधी डेटा बाहेर कसा निघतो ते डेमोत करून बघा. पीपॅपच्या (पार्टला कस्टमरची मंजुरी घेतानाच्या) नोंदी पार्ट चालू असेपर्यंत आणि त्यावर एक कॅलेंडर वर्ष सांभाळाव्या लागतात, म्हणजे सबस्क्रिप्शन संपल्यावरही. आमच्याकडच्या एक्स्पोर्टमध्ये नोंदी एक्सेलला येतात, पण जोडलेले फोटो आणि सर्टिफिकेटं वेगळ्या झिपमध्ये, एनसी नंबर नसलेल्या फाइलनावांनी. दर तिमाहीला बॅकअप काढताना ती नावं हाताने जुळवावी लागतात.