मेक्सिकन कुकबुक मागवलं, चार साल्सा करून झाले, आता लिहिते

कोथरूडला राहते, घरात चौघं, आणि बाटलीतला साल्सा (मेक्सिकन चटणी हो) म्हणजे केचपचा चुलतभाऊ असं माझं ठाम मत, म्हणून हे इंग्रजी पुस्तक ऑनलाइन मागवलं. नाव सांगत नाही, कारण पुढे शिव्या पण आहेत.

आधी चांगलं. भाजण्याचं प्रकरण एक नंबर. टोमॅटो, कांदा, सालासकट लसूण, सगळं तेल न घालता कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत ठेवायचं. तिकडे त्या तव्याला कोमाल म्हणतात, मी आपला बिडाचा घेतला, झकास झालं. लसूण सालीत असल्याने करपत नाही, आतून नुसता लोण्यासारखा. सुक्या मिरच्या मात्र जेमतेम २०-३० सेकंद, वास सुटला की लगेच काढून गरम पाण्यात टाकायच्या. मी फोन बघत बसले, मिरची काळी, साल्सा कडूजहर, आणि ठसका असा की समोरच्या काकू दार वाजवून, "अगं, काय जाळतेयस?"

सगळ्यात भारी गंमत म्हणजे वाटलेला लाल साल्सा गरम तेलात ओतून परतायचा. सासूबाई म्हणाल्या, "फोडणी वरून द्यायची सोडून हे काय उलटंच?" पण टोमॅटोचा कच्चटपणा खरंच जातो हो, त्यांनीच दुसऱ्यांदा वाढून घेतला, भाकरीबरोबर.

आता शिव्या. मिरच्या नगावर दिल्यात, वजन नाही! सहा ग्वाहियो म्हणे, म्हणजे तिकडची सुकी लाल मिरची. त्या इथे कुठून आणू, मंडईतून ब्याडगी आणली, रंग जवळपास तोच आणि तिखटपणा बेताचा, पण ब्याडगी केवढीशी, सहा घातल्या तर साल्सा गुलाबी पाणी. तिसऱ्या खेपेला अठरा घातल्या तेव्हा कुठे जमलं. ग्रॅममध्ये लिहायला काय जात होतं?

हिरव्या साल्साला तोमातियो लागतो. हा हिरवा टोमॅटो नव्हे बरं का, आपल्या रसभरीच्या जवळचा, तसाच कागदी आवरणातला, चवीला आंबट. डब्यातला परवडेना म्हणून कच्चे टोमॅटो भाजून वर लिंबू पिळलं. बरं लागलं, पण तो साल्सा वेर्दे, म्हणजे खरा हिरवा साल्सा, नाही, उगाच कशाला खोटं बोलू.

आणि मोल्काहेते, म्हणजे तिकडचा दगडी खल, अजिबात मागवू नका. तो बेसाल्टचा, आपला काळा पाटा पण त्याच दगडाचा. माळ्यावरून आईचा पाटा-वरवंटा काढला, साल्सा असा दाणेदार झाला की मिक्सरचा नंतर तोंडात घालवेना.

शेंगदाणे, तीळ, सुकी मिरची तेलात तळून करायचा साल्सा माचा तर दोन दिवसांत संपला, मुलगा डोश्यावर पण घालून खातो.

पाचपैकी साडेतीन. दीड स्टार त्या अठरा ब्याडग्यांचे कापले.