व्हर्ज की हेडलँड?

इंग्रजीत गवताळ कडेचं वर्णन करताना 'एज' लिहून मोकळं होता येतं. पण एज म्हणजे नुसती रेघ, तिला रुंदी नाही. रुंदी दाखवायची, तर दोन शब्द समोर येतात.

'व्हर्ज' रस्त्याच्या बाजूचा. ब्रिटनमध्ये डांबर आणि कुंपण यांच्यामधली गवताची पट्टी म्हणजे व्हर्ज. ऑस्ट्रेलियात तिलाच बऱ्याच ठिकाणी 'नेचर स्ट्रिप' म्हणतात. शब्दाचं मूळ मात्र गवतात नाही, काठीत आहे: लॅटिन 'विर्गा', म्हणजे छडी. राजदरबारातल्या अधिकारदंडावरून त्या अधिकाराच्या हद्दीला व्हर्ज म्हणू लागले. इंग्लंडच्या राजाभोवती ही हद्द 12 मैलांची असे. हद्दीवरून मग कडा. 'ऑन द व्हर्ज ऑफ'मधली काठावरची धाकधूक त्याच अर्थातली.

'हेडलँड' शेतातला. नांगर वळवायला तासांच्या, म्हणजे नांगरलेल्या ओळींच्या, टोकाला सोडलेली पट्टी. ती शेवटी, आडवी नांगरतात. शब्द नेमका, पण धोक्याचा. याचा दुसरा अर्थ भूशिर. शेताचा संदर्भ आधी दिला नाही, तर वाचक थेट समुद्रावर पोचतो.

आपल्या बांधासाठी मला दोन्ही पटत नाहीत. बांध उंच असतो, दोन मालकांच्या मधे असतो आणि कोर्टापर्यंत जातो. तिथे भारतीय इंग्रजीतला 'बंड' (bund) हाच शब्द बरा. इंग्लंडमधल्या रस्त्याकडेसाठी मात्र डोळे मिटून व्हर्ज लिहावं. त्याआधी 'ग्रासी' जोडायचीही बहुतेकदा गरज नसते.