सात महिन्यांनी: पॅनेल चांगलं, त्यातला 'टीव्ही' खोटा

रात्री मोबाईल बघत लोळणारी मुलगी आणि टीव्हीसमोर पेंगणारे वडील, एवढ्या दोन शॉटसाठी मी हे आरजीबी पॅनेल, म्हणजे हवा तो रंग देणारा शूटिंगचा एलईडी लाइट, घेतलं. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडा. मला बोलायचंय 'टीव्ही' इफेक्टबद्दल, म्हणजे चालू टीव्हीचा उजेड अंगावर पडल्याचा भास करून देणाऱ्या सेटिंगबद्दल. त्याच्यापायी साधं पॅनेल सोडून साडेतीन हजार जास्त मोजलेत, तेव्हा ऐकून घ्या.

इफेक्ट लावला की निळा-पांढरा उजेड असा फडफडतो की ट्यूबचा स्टार्टर गेलाय असं वाटावं. आईनं खरंच विचारलं, "वायरमनला फोन करू का रे?" वेग अगदी कमी केला तरी तेच.

आधी वाटलं, माझंच चुकतंय. तीन महिने नुसता निळा वाढवत बसलो आणि पोरगी मत्स्यालयात बसल्यासारखी दिसत राहिली. स्क्रीनचा पांढरा साधारण 6500 केल्व्हिनचा, दिवसाच्या उजेडाजवळचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा लहान तेवढा पिवळा, मोठा तेवढा निळा). तो निळा वाटतो खोलीतल्या 2700 च्या पिवळ्या बल्बमुळे. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते) 3200 वर, पॅनेल 6500 वर ठेवलं, की झालं. निळ्याला हात लावायचा नाही.

पाचव्या महिन्यात नॉब गेला. "नॉब वॉरंटीत येत नाही," असं सर्व्हिस सेंटरनं ऐकवलं. पुण्याला जाण्या-येण्याचं कुरिअर माझ्याच खिशातून, वर 22 दिवस. भांडण झालं, फायदा शून्य.

पण त्याच दिवसांत डोळे उघडले. आईची मालिका चालू असताना टीव्हीकडे पाठ करून भिंत बघत बसलो. उजेड फडफडतच नाही! एक शॉट चालू आहे तोवर जवळपास स्थिर, कट झाला की एकदम उडी: साडीचा लाल, जाहिरातीचा पांढरा. फडफड फक्त सुनेचं तोंड तीन-तीनदा दाखवतात तेव्हा. इफेक्ट बनवणाऱ्यानं तेवढंच बघितलं असणार.

आता पॅनेल दुरुस्त होऊन आलंय आणि इफेक्ट कायमचा बंद. सांगलीच्या गणपती पेठेतून आणलेला बटर पेपर पुढे, आणि भावे नाट्यमंदिरात लाइट करणाऱ्या मित्राकडचे जिलेटीनचे (लाइटपुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचे) उरलेले तुकडे भाच्याच्या हातात. मनात चार मोजायचे, तुकडा बदलायचा. मध्येच घाई, मध्येच आळस. भाचा मूळचाच आळशी, त्यामुळे टीव्ही अगदी खरा वाटतो.

मोबाईलसाठी पॅनेलवर काळा कार्डशीट लावून मोबाईलएवढीच खिडकी कापली. चेहरा एक फुटावर, मागची भिंत चार फुटांवर, म्हणजे भिंतीला उजेड सोळावा हिस्सा. ती आपोआप अंधारात जाते. हा शॉट बघून मात्र मी पॅनेलला मनातल्या मनात माफ केलं. उजेड 5 टक्क्यांवर आणला की व्हिडिओत पट्टे धावतात, म्हणून 20 वर ठेवून बटर पेपरची आणखी एक घडी घालतो.

नॉब परत अडकायला लागलाय. यावेळी पुणे नाही. मिरजेत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत, 50 रुपयांत बसवून देतो म्हणालेत.