एक नायक की अख्खी दिंडी?

मराठवाड्यातल्या उठवल्या गेलेल्या शेतकरी घरावर कादंबरी लिहायची ठरवलीत, की दोन साचे समोर येतात. एक नायकाच्या प्रवासाचा. जोसेफ कॅम्पबेलनं १९४९ साली जगभरच्या पुराणकथांतून काढून दाखवलेला: निघणं, कसोटी, परतणं. दुसऱ्यात नायकच नसतो, कथा घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे जाते. त्याला मी दिंडी म्हणतो, कारण दिंडीतला वीणा गळे बदलतो पण खाली ठेवला जात नाही. मी दोन्ही लिहून पाहिलेत. पुढचं सगळं त्या अनुभवावरचं आहे, नियम समजू नका.

नायकाच्या साच्यात सोय पुष्कळ. वाचक पहिल्या पानापासून एकाच्या मागं लागतो, संपादकाला गोष्ट चार वाक्यांत सांगता येते. या साच्यातली पात्रंही ठरलेली. प्रवासाच्या हाकेला नकार देणारा म्हातारा धरणाच्या बुडितात आयताच सापडतो, ‘मी ओटा सोडत नसतो’ म्हणत बसलेला. नायकाला वेशीवर अडवणारा उंबरठ्यावरचा रखवालदार म्हणून ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम इतका चपखल बसतो की वेगळं काही रचावं लागत नाही.

माझं बिनसलं ते परतण्यापाशी. या साच्यात नायक गावासाठी काहीतरी कमावून परततो. आता केज-धारूरकडचा ऊसतोड मजूर घ्या. दिवाळीच्या आगंमागं गेलेला, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततोच, पण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नसेल तर बाकी अंगावर घेऊन, आणि ती फेडायला पुढच्या साली पुन्हा तिकडंच. याला परतणं म्हणायचं की मधली सुट्टी? जायकवाडीचं तर त्याहून अवघड. १९६५ला शास्त्रीजींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन, आणि गावं धरणाच्या जलाशयाखाली, नाथसागराखाली गेली. नायक परतणार कुठं? पाणी हटलं की तळात गाळपेर करता येते खरी, म्हणजे बाकीच्यांच्या घशाला कोरड पडते त्या वर्षी याला जास्त रान मोकळं मिळतं. हे बक्षीस कुठल्या टप्प्यात बसवायचं? पुनर्वसनाच्या वसाहतीत सातबारा हातात ठेवून शेवट केला, तर सरकारी जाहिरात वाटायला लागली. काहीच हातात दिलं नाही, तर साचा अर्धा उघडा राहिला. बाकी सगळं निभावून नेलं असतं, या एका प्रकरणानं मात्र फार छळलं.

शिवाय उचल बहुतेक वेळा एकट्याला मिळत नाही, कोयत्याला मिळते. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेबच जोडीनं होतो तिथं एकटा नायक कुठून काढणार?

दिंडीचे तोटे मला ठाऊक आहेत. मधली पानं सैल पडतात, वाचक नावं विसरतो, आणि प्रत्येकाची बोली वेगळी सांभाळावी लागते. आजीची एक, औरंगाबादेत शहागंजच्या बाजारात हमाली करून आलेल्या नातवाची दुसरी. पण परतीचा तगादा सुटतो. स्टाइनबेकच्या १९३९च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्ये टॉम जोड शेवटाआधीच घरच्यांना सोडून जातो आणि गोष्ट त्याच्यावाचून चालू राहते. मधूनमधून जोड कुटुंब बाजूला ठेवून बिननावाच्या गर्दीची प्रकरणं येतात. मला धीर आला तो त्यानं.

तुमची गोष्ट एकाच पोराची असेल, पुण्यात स्पर्धा परीक्षेला गेलेल्या किंवा किल्लारीच्या भूकंपातून एकट्यानं वाचलेल्या, तर बहुधा नायकच बरा. लघुकथेलाही तोच. घरच्या घर उठून गेलेलं असेल, तर मी दिंडीकडं कलेन. ठरत नसेल तर परतीचं प्रकरण आधी लिहून बघा. पहिल्या तीन प्रकरणांत दोन्ही साचे सारखेच गोड वागतात.