घनफूट काढणारं ॲप: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या दसऱ्याच्या आसपास फोनवर लाकडाचं घनफूट काढणारं एक ॲप घेतलं, फुकटातलं. नाव देत नाही. 'सीएफटी' लिहून शोधलं की ढिगानं येतात. मी चार उघडून बघितली, चारही एकाच साच्यातून काढल्यासारखी. मी सुतार नव्हे. हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली. लाकूडकाम फक्त रविवारचं, मंगळवार पेठेत घरावरच्या पत्र्याच्या खोलीत.

पहिलं काम पुस्तकांच्या मांडणीचं. दोन बाजू चार-चार फुटी, चार फळ्या तीन-तीन फुटी, रुंदी १० इंच, जाडी पाऊण इंच, लाकूड साग. मापं भरली तर उत्तर साडेबारा! छातीत धस्स झालं. नंतर कळलं, ॲप आपलं आपण 'बोर्ड फूट'वर होतं. ते अमेरिकेतलं माप, १४४ घन इंचांचं. असे १२ झाले की आपला एक घनफूट. आपल्याकडच्या वखारीत ते कुणी विचारत नाही. सेटिंग बदललं, १.०४ घनफूट आलं. खाली 'वेस्टेज' म्हणून रकाना होता, त्यात १० टक्के टाकले, १.१५ झालं. म्हटलं सव्वा सांगू, म्हणजे उरेलच.

टिंबर मार्केटला गेलो. मापं घेणाऱ्या म्हाताऱ्या मामांनी माझा फोन बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "पावणं, हे रंधा मारल्यावरचं माप हाय न्हवं? रंध्यात काय जाणार, ते धरलासा का?"

लाज वाटली, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्या धंद्यात कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, फिनिश मापाचं कधीच येत नाही. मशीनिंगसाठी माल जास्त ठेवूनच ओततात. ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुना करणारा पॅटर्नमेकर तर त्याच्याही पुढचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच मुळात तेवढी लांब असते. हे रोज बघणारा माणूस मी, आणि लाकडाला पाऊण इंच म्हणजे पाऊण इंच धरून बसलो होतो.

मामांनी हिशेब खडूनं फळीवरच मांडला. पाऊण इंच फिनिश हवी तर कच्ची फळी एक इंची. दहा इंच रुंदीची चांगली सागाची फळी मिळाली तर महाग, शिवाय मधे बाक येण्याची भीती. म्हणून साडेपाच इंची दोन जोडायच्या. आता लांबी. कागदावर चार आणि तीन मिळून सात फुटी फळी बरोब्बर बसते. पण करवत दोन-तीन मिलिमीटर खाते आणि फळीच्या टोकांना चिरा असतात, त्या छाटाव्याच लागतात. म्हणून साडेसात फुटी चार आणि उरलेल्या तीन फुटी तुकड्यांसाठी साडेसहा फुटी दोन. एकूण ४३ फूट. गुणिले साडेपाच, गुणिले एक, भागिले १४४ (रुंदी आणि जाडी इंचांत, म्हणून बारा बारे). झालं १.६४.

ॲपचं १.०४, हातात घ्यावं लागलं १.६४. मला घनफुटाला ३,६०० रुपये दर लागला, म्हणजे फरक २,१६० रुपयांचा. गुणाकार ॲपनं चुकवला नव्हता. पण वेस्टेजचा तो टक्के-रकाना मी त्या दिवसापासून शून्यावर ठेवलाय. रंधा जाडीत खातो, जोड रुंदीत, चिरा लांबीत; सगळ्याला मिळून एकच टक्का कसा लावायचा? त्याऐवजी आधी कागदावर फळ्यांचे तुकडे आखतो, कुठल्या फळीतून काय निघणार ते ठरवतो आणि कच्ची मापंच ॲपमध्ये टाकतो. पुढचं बाकड्याचं काम असं केलं, तेव्हा बिलात आणि माझ्या आकड्यात पाच शतांश घनफुटाचाही फरक नव्हता.

आता ॲपच्या खऱ्या खोडी. लांबीला एकच रकाना आहे, फूट दशांशात. सात फूट सहा इंच म्हणून कुणीही सवयीनं ७.६ लिहितो, हवं ७.५. इथं थोडक्यात निभावतं, पण सात फूट दहा इंचाला ७.१० लिहिलंत तर ते ७.१ धरतं आणि नऊ इंच लाकूड हिशेबातून गायब. खरा आकडा ७.८३. सूत तर त्याला ठाऊकच नाही. आठ सूत म्हणजे इंच, तर पाच सुताला ०.६२५ टाकायचं, सहाला ०.७५. मी फोनच्या मागं चिठ्ठी चिकटवलीय.

दुसरी खोड जास्त महागात पडली. गॅलरीच्या जाळीसाठी एक इंच बाय एक इंच, दोन फुटी ४० रिपा हव्या होत्या. एका रिपेचं घनफूट ०.०१३९ येतं. ॲप ते आधी ०.०१ करतं आणि मग ४० नं गुणतं: ०.४०. खरं उत्तर ०.५६. तोंडी हिशेब करणाऱ्या मामांनी ०.५६ सांगितल्यावर मी भांडायला निघालो होतो, बरं झालं आधी बोटांवर केलं. तेव्हापासून एका मापाच्या सगळ्या तुकड्यांची लांबी आधी बेरीज करतो आणि ८० फूट एकदमच टाकतो. वखारीत पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात.

एक मात्र ॲपमुळंच कळलं. शाहूवाडीकडच्या मेहुण्यांनी परवानगी काढून फणस तोडला होता, त्यातला एक ओंडका मला देणार होते. घेर ४८ इंच, लांबी सहा फूट. ते म्हणाले सहा घनफूट. ॲप म्हणालं ७.६४. दाजी म्हणून मला स्वस्तात देतायत असं वाटून मी खूश! मग ॲपमध्येच दुसरा पर्याय दिसला, 'पाव घेर'. घेराचा चौथा हिस्सा बारा, बारा बारे १४४, गुणिले सहा, भागिले १४४: सहाच. गोल लाकडाचा व्यवहार या पद्धतीनं होतो. खऱ्या घनफळाच्या साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच त्यात मोजले जातात, बाकीची गोलाई चौकोनी करताना साल आणि कडेच्या तुकड्यांत जाते असं धरून. मेहुण्यांनी सूट दिली नव्हती, रीत पाळली होती. आणि गिरणीवर चिरून आणल्यावर मोजलं तर फळ्या साडेचारच्याही आतच भरल्या.

त्या फळ्या आता मधे रिपा घालून माळ्यावर रचल्यात. टोकांना जुना रंग लावलाय, चिरू नयेत म्हणून. पिवळ्याधमक आहेत अजून, पुढं तपकिरी पडतील. जूनचा पाऊस सुरू झालाय, हवेत पाणी आहे, दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. ॲपमधली त्यांची नोंदही मी खोडलेली नाही, पण वाळून रुंदी कमी झाल्यावर टेपनं पुन्हा मोजणार.

ॲपला पाचात तीन तारे. वखारीत बिल पडताळायला घ्या, किती लाकूड घ्यायचं ते ठरवायला घेऊ नका. आणि पहिल्यांदा उघडल्यावर बोर्ड फूट आधी बंद करा.