सासवडच्या मुक्कामातला मोफत दवाखाना : रांगेत उभं राहावं का?

ज्ञानोबारायांची पालखी पुण्यातून निघते आणि दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी येते, तो दिवस सबंध वाटचालीत पायांचा सगळ्यात जास्त कस काढतो. तीसेक किलोमीटरची चाल, वर घाट, आणि बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे पोटात शेंगदाणे, केळं नाहीतर नुसता चहा. त्या संध्याकाळी सासवडात जागोजागी मोफत दवाखान्यांचे मंडप लागलेले असतात. काही सरकारी आरोग्य विभागाचे, काही संस्थांचे आणि काही वैद्यकीय महाविद्यालयांच्या पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागांचे. हे परीक्षण या शेवटच्या प्रकाराचं आहे. इथे केसपेपर लिहिण्यापासून पट्टी बांधण्यापर्यंतची कामं एमबीबीएसचे विद्यार्थी आणि इंटर्न करतात, आणि शेवटच्या टेबलावर त्यांचे सर किंवा मॅडम असतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पायाचे फोड, भेगा, अंगदुखी, जुलाब, बीपी-शुगर या तक्रारींसाठी गर्दी असली तरी याच मंडपात जावं. मोठ्या ओपीडीत मिळत नाही ती गोष्ट इथे मिळते : तुमच्यासमोर बसलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे वेळ असतो आणि काम नीट करायची जिद्द असते. मात्र छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा अंग तापून माणूस असंबद्ध बोलत असेल, तर रांग धरू नका. सरळ मोठ्या डॉक्टरांना हाक मारा आणि 108 बोलवा. चांगल्या मंडपात एक विद्यार्थी रांगेतूनच फिरत असतो आणि असे लोक हेरून पुढे घेतो. तसं कुणी दिसत नसेल, तर मंडपाची आखणी कच्ची आहे असं समजा.

पहिलं टेबल केसपेपरचं. नवखे विद्यार्थी ‘पत्ता’ या रकान्यात गाव आणि तालुका लिहून मोकळे होतात. वारीत त्याचा काही उपयोग नाही. इथे माणसाचा पत्ता म्हणजे दिंडी क्रमांक, रथापुढे की रथामागे, आणि सोबतच्या कुणाचा तरी मोबाईल. रात्री उशिरा एखाद्याची शुगर पुन्हा तपासायची असली, तर या तीन नोंदींवरूनच तो सापडतो. केसपेपरवर दिंडी क्रमांक विचारतात की नाही, ही आमच्या लेखी पहिली परीक्षा.

बीपीच्या टेबलावर सगळ्यात जास्त चुका होतात, त्याही घाईमुळे. चालून आलेल्या माणसाला पाच मिनिटं पाठ टेकवून बसवायला हवं. दंड हृदयाच्या पातळीला, पाय जमिनीवर, तोंड बंद. पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून गुंडाळला, हात लोंबता ठेवला किंवा मोजता मोजता ‘कुठून आलात आजोबा?’ सुरू झालं, की आकडा फुगतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी तेच. आजींच्या काटकुळ्या दंडाला मोठा पट्टा बांधला, तर उलट कमी दिसतो. आखणी नीट असेल तिथे टेबलाआधी एक बाकडं असतं, तिथे पाच मिनिटं बसल्याशिवाय पट्टा लागत नाही, आणि पहिला आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने दुसऱ्यांदा मोजतात. दुसरी बाजूही आहे. घाट चढून घामाने निथळलेल्या, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा आकडा कमी येऊ शकतो. त्याला ‘गोळी चुकवू नका’ हा पाठ केलेला सल्ला देऊन पाठवणं धोक्याचं. आधी पाणी, मग पुन्हा मोजणी, आणि आजची गोळी घ्यायची की नाही हे सरांनी ठरवायचं.

शुगरचं टेबल एकादशीच्या दिवशी तर जीव वाचवणारं. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घ्यायची, उपास धरायचा आणि तीस किलोमीटर चालायचं, यातून शुगर उतरली नाही तरच नवल. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड. आकडा 70 च्या खाली आला, की चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, मग काहीतरी खायला घालायचं. साखर आणि केळं उपासाला चालतं, हे विद्यार्थ्याने तिथल्या तिथे सांगितलं तर उपास मोडेल या भीतीने कुणी पेला परत करत नाही. या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो, म्हणून एकदा आकडा ठीक आला की माणसाला सोडायचं नाही. तासा-दीड तासाने पुन्हा बघायचं. हे सहसा राहून जातं.

याच टेबलावर उलटी चूकही होते. बोटाला गूळ, चिक्की किंवा केळ्याचा चिकटा असतो आणि मीटर भलताच मोठा आकडा दाखवतं. स्पिरिटचा ओला बोळा फिरवून लगेच टोचलं, तरी आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. साध्या पाण्याने बोट धुवायचं, कोरडं करायचं, मग टोचायचं. शिवाय मीटरमध्ये घालायच्या स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर पावसाळी दमट हवेत स्ट्रिपा खराब होतात. डबी दर वेळी बंद होते का, बघा. होत नसेल तर आकडा कितीही आला तरी दुसऱ्या डबीतल्या स्ट्रिपने परत तपासायला सांगा.

आता पाय. या दवाखान्याचं खरं मोल इथे कळतं. विद्यार्थी खाली सतरंजीवर बसतात, माउलींचा पाय मांडीवर घेतात, साबणाच्या पाण्याने धुतात आणि बोटांच्या बेचक्यांत कापड घालून कोरडा करतात. बेचक्यांत ओल राहिली तर चिखल्या होतात, म्हणून एवढा खटाटोप. लहान, न दुखणारा फोड फोडायचा नाही. टम्म फुगलेला, टेकताच कळ मारणारा असेल तर बीटाडीन लावायचं, निर्जंतुक सुईने खालच्या कडेला दोन ठिकाणी टोचायचं, गॉझने हलकं दाबून पाणी काढायचं. वरची कातडी कापायची नाही. ती कातडी हेच सगळ्यात चांगलं ड्रेसिंग. काही मंडपांत हौसेने कात्री चालते आणि लालभडक उघडी जखम घेऊन माणूस जेजुरीच्या वाटेला लागतो. तसं कुणी करायला लागलं तर पाय मागे घ्या.

वरून पॅराफिन गॉझ (जखमेला न चिकटणारी, मेण लावलेली जाळीदार पट्टी), मग कोरडा गॉझ, मग चिकटपट्टी. कापूस थेट जखमेवर ठेवला तर तो चिकटतो आणि काढताना कातडी सोलते. कागदी चिकटपट्टी घामाने आणि पावसाने अर्ध्या वाटेत सुटते, तिथे कापडी पट्टी हवी. ती धूळ पुसून कोरड्या त्वचेवर लावली तरच टिकते. आणि पायाभोवती गच्च आवळायची नाही, कारण रात्री पाय सुजतो. पट्टी भिजू नये म्हणून पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून चालणारे पुष्कळ. आत घाम साचून कातडी पांढरी पडते, भुसभुशीत होते आणि फोड वाढतो. पिशवीपेक्षा कोरड्या सुती मोज्यांचे दोन जोड बरे. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी याच टेबलावर व्हायला हवी.

मधुमेह असलेल्यांसाठी एक तपासणी आवर्जून मागा. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात, तो वाकेपर्यंत दाबतात, आणि डोळे मिटलेल्या माणसाने ‘कळलं’ म्हणायचं असतं. बऱ्याच जणांना काहीच कळत नाही. अशा माणसाने अनवाणी चालणं म्हणजे पाय गमावायची तयारी, कारण खडा रुतला तरी त्याला पत्ता लागत नाही. तीस वर्षं अनवाणी वारी करणाऱ्या आजोबांना हे कसं सांगायचं, त्यांच्या नेमाला धक्का न लावता चप्पल कशी घालायला लावायची, फोड भरेपर्यंत दिंडीच्या ट्रकमधून यायला कसं राजी करायचं, हे वर्गात शिकवता येत नाही. इथे विद्यार्थी दिंडीप्रमुखांना किंवा विणेकऱ्यांना बोलावून आणतात, त्यांच्या तोंडून सांगवतात, आणि आजोबा ऐकतात.

औषधाच्या टेबलावर आमचा एक ठाम आग्रह आहे. ‘सुई मारा’, ‘सलाईन लावा’ ही मागणी दर दुसरा माणूस करतो. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला सहसा सलाईनची गरज नसते. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन किंवा गोळी उपाशी पोटी, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आणि बीपीच्या गोळ्या चालू असताना दिली, तर मूत्रपिंडाला बाधते. पॅरासिटामॉल, पाणी आणि रात्रभर पाय उंचावर, एवढं बहुतेकांना पुरतं. रांग लवकर हलावी म्हणून सरसकट सुया टोचणारा मंडप लोकांना आवडतो, पण विद्यार्थी तिथे चुकीचं तेच शिकतात.

ओआरएसचं, म्हणजे जलसंजीवनीचं एक पाकीट 20.5 ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटर पाण्यातच घालायचं असतं. पेल्यात अख्खं पाकीट रिकामं केलं तर द्रावण खारट होतं आणि उलटी-जुलाब वाढू शकतात. दिंडीतला तांब्या एक लिटरचा नसतो, म्हणून नुसतं पाकीट हातावर ठेवणं पुरेसं नाही. एक लिटरची बाटली भरून, समोर पाकीट ओतून दाखवतात तो मंडप चांगला. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं, हेही सांगायला हवं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातल्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरायला एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 च्या ऑक्टोबरात मनाई केली, ते बरंच झालं. जुलाब लागलेल्या माणसाला तसलं गोड पेय पाजलं की त्रास वाढतो.

मंडपात न दिसणारं एक काम आम्हाला फार मोलाचं वाटतं. दोन-तीन विद्यार्थी टँकर आणि विहिरींवर ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायची पेटी घेऊन फिरतात. पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीन टाकलं की पिवळा रंग येतो, तो तक्त्याशी जुळवायचा. जंतू मारायला उरलेला मोकळा क्लोरीन बघायचा तर रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा. गप्पांत वेळ गेला तर रंग गडद होतो आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटतं. ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं माप हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरला पन्नास. पावडरची पिशवी आठवडाभर उघडी पडलेली असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो आणि माप बरोबर असूनही रंग येत नाही. मंडपात जुलाबाचे पाच रुग्ण एकाच दिंडीचे निघाले, तर त्या दिंडीचा टँकर लगेच तपासायचा. ही साखळी जिथे जुळते, तिथले विद्यार्थी खऱ्या अर्थाने पीएसएम शिकतात.

रात्रीची तयारीही विचारा. राहुट्यांत विंचू चावतो. घाम सुटून हातपाय गार पडले तर वेळ दवडून चालत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात यावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. ती गोळी मंडपाच्या पेटीत हवी आणि ती कधी द्यायची हे रात्रपाळीच्या डॉक्टरांना माहीत हवं. साप चावला तर पाय हलू न देता थेट रुग्णालय, चिरा नाही की आवळपट्टी नाही.

आता तक्रारी. पहिली देखरेखीची. विद्यार्थी स्वतःच्या जबाबदारीवर औषध लिहून देऊ शकत नाही, इंटर्नचीही नोंदणी तात्पुरती असते. तेव्हा औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणीकृत डॉक्टरची सही हवीच. काही मंडपांत संध्याकाळी सात-आठ वाजता, नेमक्या गर्दीच्या वेळी, मोठी खुर्ची रिकामी दिसते आणि सह्या आधीच करून ठेवलेल्या असतात. हे खपवून घेऊ नये. दुसरी, बायकांसाठी आडोसा. एक पडदा आणि एक मुलगी डॉक्टर एवढंच लागतं, तरी ते अनेक ठिकाणी नसतं, आणि मग जांघेतल्या घर्षणाच्या जखमा, लघवीची जळजळ या गोष्टी सांगितल्याच जात नाहीत. तिसरी, कचरा. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात आणि रक्ताळलेले बोळे पिवळ्या पिशवीत जायला हवेत. सुईला परत टोपण घालताना बोटाला टोचून घेणारे विद्यार्थीच असतात.

सगळ्यात मोठी उणीव पाठपुराव्याची. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये ती सुरू केली तिथे, प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि त्याच घरांत पुन्हा पुन्हा जाते. आपण दिलेल्या गोळीचं पुढे काय झालं, ते विद्यार्थ्याला दिसतं. वारीत रुग्ण सकाळी पुढच्या गावाला लागलेला असतो. त्यातल्या त्यात सासवडला मुक्काम दोन रात्रींचा, म्हणून आज बांधलेली पट्टी उद्या दुपारी त्याच विद्यार्थ्याने सोडून बघता येते. रुग्णाला ‘उद्या दोन वाजता याच सतरंजीवर या’ असं सांगणारे मंडप थोडे आहेत. बाकीचे किती रुग्ण तपासले याचा फलक लावण्यात गुंतलेले. केसपेपरची एक प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून माउलींच्या पिशवीत ठेवली, तर लोणंद-फलटणच्या डॉक्टरला सगळं नव्याने विचारावं लागत नाही. खर्च जवळजवळ नाहीच.

जाताना चालू गोळ्यांची पाकिटं किंवा जुन्या चिठ्ठीचा फोटो सोबत ठेवा. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावर कुणालाच औषध देता येत नाही. आणि या मंडपांना मदत करायची असेल तर घरातल्या अर्ध्या उरलेल्या गोळ्या देऊ नका, त्या वेगळ्या काढण्यातच विद्यार्थ्यांचा वेळ जातो. कापडी चिकटपट्टी, पॅराफिन गॉझ, त्यांच्याकडच्या मीटरला बसणाऱ्या स्ट्रिपा, सुती मोजे आणि एक लिटरच्या रिकाम्या स्वच्छ बाटल्या द्या. घाटाच्या संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत संपतात त्या याच वस्तू.