ह्यूस्टनमधली एक बैठक : टाऊन्स व्हॅन झँटचे ‘लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर’

बैठकीत गाणाऱ्याला लपायला जागा नसते, मग ती देवल क्लबातली असो वा गल्लीतल्या भजनी मंडळाची, हे कोल्हापूरच्या श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही. ‘लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर’ ही ध्वनिमुद्रिका मला प्रथम भावली ती याच कारणाने. टेक्सासचा गायक-गीतकार टाऊन्स व्हॅन झँट याने जुलै १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या एका लहानशा बारमध्ये केवळ स्वतःच्या गिटारीवर गायिलेली ही गाणी १९७७ साली दोन तबकड्यांच्या संचात बाजारात आली. त्याच्या १९६८ च्या पहिल्या अल्बमात वाद्यांचा एवढा भरणा होता की शब्द त्याखाली दबले, आणि त्यातली काही गाणी त्याला पुढे नव्याने ध्वनिमुद्रित करावी लागली. येथे शब्द आणि ऐकणारा यांच्यामध्ये काहीच नाही.

सुरांच्या हिशेबाने पाहिले तर आवाज बेताचाच आहे. तरीही ‘टेकम्सा व्हॅली’ सुरू झाले की हातातले काम बाजूला राहते. खाणकामगाराची मुलगी कामाच्या शोधात घर सोडते, बारमध्ये राबून परतीसाठी पैसे साठवते, आणि तेवढ्यात वडील गेल्याची बातमी येते. मग ती देहविक्रयाकडे वळते आणि शेवटी मृतावस्थेत सापडते. एवढ्या ऐवजावर आपल्याकडे तीन अंकी नाटक उभे राहिले असते आणि प्रत्येक अंकात एक रडण्याची जागा ठेवली गेली असती. व्हॅन झँट ते काही कडव्यांत सांगतो. विशेषणे जवळजवळ नाहीत, आवाज कोठे कापत नाही, आणि मुलीची बाजू घेऊन तो कोणाला दोषही देत नाही. दुःखाची सगळी मोजणी ऐकणाऱ्यावर सोपवलेली असते.

‘पांचो अँड लेफ्टी’ मध्ये ही कला अधिक धारदार होते. पोवाड्यावर वाढलेल्या माझ्या कानाला हे गाणे आरंभी अपुरे वाटले होते, कारण पोवाड्यात वीराला वीरमरण येते आणि फितुराला नावानिशी शिव्याशाप मिळतात. येथे दरोडेखोर पांचो मेक्सिकोत मरतो आणि त्याचे अखेरचे शब्दही कोणाच्या कानी पडत नाहीत. त्याच दिवशी त्याचा साथीदार लेफ्टी ओहायोकडे निघतो. त्याच्याकडे पैसा कोठून आला, हे कोणाला ठाऊक नाही. फितुरी हा शब्द गाण्यात एकदाही येत नाही. पुढे थंडी, स्वस्त हॉटेल आणि लेफ्टीचे म्हातारपण, एवढेच. विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड यांनी १९८३ मध्ये हेच गाणे अमेरिकी कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले. ते गोड आहे, पण संशयाची बोच मला या एकट्या गिटारीतच अधिक जाणवते.

दोष आहेत. दोन गाण्यांमधले त्याचे विनोद श्रोत्यांना हसवतात आणि अंधार थोडा सैल करतात, हे ठीक. परंतु ‘फ्रॅटर्निटी ब्लूज’ सारखी बोलून म्हटलेली विनोदी गाणी दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. सलग दीड तास एकच आवाज आणि एकच गिटार ऐकणे कोणालाही जड जाईल. त्याचे मद्यपान, तरुणपणी मानसिक आजारावर दिलेल्या इन्सुलिनच्या उपचारांत पुसल्या गेलेल्या आठवणी, आणि ज्या कंट्री गायक हँक विल्यम्सला तो मानत असे त्याच्याच मृत्यूच्या तारखेला, १ जानेवारीला, १९९७ मध्ये आलेला मृत्यू, यांच्या कथा चाहते फार रंगवतात. त्या बाजूला ठेवूनच ऐकावे. गाणी त्या कुबड्यांवर उभी नाहीत.

मी मागवलेल्या तबकड्यांच्या वेष्टनाचा कोपरा विक्रेत्याने दुमडूनच पाठवला, पण खरेदीचा पश्चात्ताप नाही. टेक्सासचे उच्चार पहिल्या खेपेस निसटतात, म्हणून गाण्यांचे शब्द समोर असू द्यावेत, आणि एका रात्री एकच बाजू ऐकावी. घरात कोणी झोपले असेल तर आवाज कमी ठेवला तरी चालतो. ‘वेटिंग अराउंड टू डाय’ त्या हळू आवाजातही अंगावर येते.